एक मात्रा जास्त

गुरांच्या लिलावाच्या शेडमध्ये ती पहिल्यांदा गायली.
वय सहा. पायाखाली दुधाच्या बाटल्यांचा उलटा क्रेट,
समोर भुसा, शेण, आणि कडेकडेनं बसलेले
टोपी न काढणारे लोक.
लिलाववाल्या ऑर्व्हिलनं गाई संपल्यावर, वासरं यायच्या आत
माइक वाकवला, म्हणाला, चल गं टॅन्सी, उरक.
तिनं उरकलं नाही. तिन्ही कडवी म्हटली.
एक तांबडी कालवड शेवटपर्यंत हंबरत राहिली,
तर हिनं मान कलवून
तिच्याच सुरात सूर लावला.
मी पंधरा वर्षांचा. दारात. लाजेनं चूर.

गाणं चर्चमध्ये मिळालं, असं ती मुलाखतीत सांगते.
शोभतं ते. मला विचाराल तर ऑर्व्हिलकडून मिळालं:
आठशे-आठशे-साडेआठशे-कोण-देतो-नऊशे,
एका श्वासात इतकं कोंबायचं
आणि ठेका सुटू द्यायचा नाही.

मग पिकअप. चालवणारा मी.
केंटकीतल्या यच्चयावत जत्रा, भोपळ्यांचं प्रदर्शन,
अग्निशमनवाल्यांचं मासळीचं जेवण,
एकदा ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटन.
मिळकत चाळीस डॉलर आणि पेट्रोल,
कधी नुसतंच पेट्रोल,
एकदा एक अख्खं हॅम, ते नाताळपर्यंत पुरवलं.
तार तुटली की ती माझ्याकडे बघायची,
जशा काही तारा माझ्या खिशातच उगवतात.
(उगवायच्या. पगारातून.)

वडिलांची पाठ खाणीत गेली. पाठीपाठोपाठ गोळ्या आल्या.
डॉक्टरनं लिहिलेली मात्रा, मग न लिहिलेली,
मग मार्चमधल्या एका पहाटे, ओढ्याकाठी, ट्रकमध्ये,
एक मात्रा जास्त.
ओढ्याचं नाव लॉस्ट मेअर.
शंभर वर्षांपूर्वी कुणाची तरी घोडी तिथं हरवली म्हणे.
कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही.

टॅन्सी तेरा वर्षांची. चार महिने तोंड उघडलं नाही.
कुणाचीच मात्रा चालली नाही, पाद्र्याचीसुद्धा.
जुलैत, पशुखाद्याच्या पावतीमागे
काहीतरी लिहून तिनं टेबलावर ठेवलं.
आईनं वाचलं. ओव्हनच्या दाराला टेकून खाली बसली.
म्हणाली, घरातलं आहे हे, घरातच राहू दे.
आणि पावती बायबलमध्ये घातली.
आठवड्यानं तिनंच ती काढून
गिटारच्या पेटीत ठेवली.
का, ते विचारायची आमच्यात रीत नाही.

नॅशव्हिल. एकोणीस पूर्ण.
तिसऱ्या मजल्यावरची खोली, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड.
पांढऱ्या बुटांचा तो माणूस (सज्जन होता, खोटं कशाला बोलू)
गाणं ऐकून बराच वेळ गप्प राहिला,
मग डोळे पुसून कामाला लागला:
हे ओढ्याचं नाव आहे ना, एक मात्रा जास्त होते.
नुसतं नदी म्हण. नदी सगळ्यांच्याच गावात असते.
तिनं माझ्याकडे बघितलं.
या वेळी माझ्या खिशात काही नव्हतं.

नदीच वाजली मग.
रेडिओवर, पेट्रोलपंपावर, दाताच्या डॉक्टरकडे,
आमच्याच शाळेच्या निरोप समारंभात.
आमच्याकडे नदी नाही.

काल रात्री चार हजार खुर्च्या, भाड्यानं आणलेला धूर.
मी पडद्याआड, खिशात तारांचं पाकीट, सवयीनं.
दुसऱ्या कडव्याला तिची मान किंचित कलली,
क्रेटवर, कालवडीकडे, कलली होती तश्शी,
आणि ती म्हणाली, लॉस्ट मेअर.
पूर्ण. काहीही न गिळता.
ड्रमवाला अर्धा ठोका अडखळला, बास त्याच्यावर जाऊन आदळला,
मग सगळे थांबले,
ती एवढीशी मात्रा आत मावेपर्यंत.
खुर्च्यांना काही कळलं नाही.

उतरल्यावर ड्रमवाल्यानं मला गाठलं,
चुकली ना रे ती?
मी म्हटलं, हो.
आणि त्याला एक बिअर दिली.